दत्तोबाच्या आरपार

गुऱ्हाळं पेटली की आमच्याकडच्या हवेला वजन येतं. इतर गावांत हवा नुसती वाहते. आमच्याकडं दिवाळी उलटली की ती चिकटते. चुलवाणावर रस उकळायला लागला, की त्याचा वास उसाच्या फडांवरून, नदीच्या काठाकाठानं येतो आणि न विचारता घरात शिरून पाटावर बसतो. एका मंगळवारी या वासानं आमच्या घरातला बिनसाखरेचा चहा गोड झाला होता. शेजारच्या डॉक्टरांनी स्वतः एक घोट घेऊन ते मान्य केलं होतं. डॉक्टर आता हयात नाहीत, त्यामुळं कुणी खात्री करून घ्यायच्या फंदात पडू नये.

यंदा हा वास आला तेव्हा माझी नात रेणू घरी होती. ती पुण्यात संगणकावर चित्रं करते. हलती, बोलती, जगात कुठंच नसलेल्या माणसांची. काम संपलं नाही म्हणून ते दिवाळीला घरी घेऊन आली होती आणि सोप्यात मांडी घालून बसली होती. मी चहाचा कप घेऊन मागं जाऊन उभा राहिलो.

"काय चाललंय गं?"

"भूत करतेय आजोबा. पण नीट होईना झालंय."

आमच्या घराण्यात हे वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलं जात होतं. पहिल्यांदा ते मी उच्चारलं होतं, पण मनातल्या मनात.

मी चष्मा चढवून पाहिलं. पडद्यावर एका खोलीत एक माणूस उभा होता. तिनं त्याला आरपार दिसेल असा केला होता, आणि नको ते सगळं दिसत होतं. गालातून दात, दातांमागं जीभ, छातीतून सदऱ्याची मागची बाजू, आणि कवटीत दोन डोळे, बरणीतल्या लोणच्यातल्या लिंबांसारखे. भूत बघून माणसानं घाबरावं. हे बघून मला जेवायची आठवण झाली.

"पारदर्शक केला की पोटातलं सगळं बाहेर दिसतंय," रेणू म्हणाली. "कालपासून डोकं फोडतेय."

मी कवळी सांभाळत हसलो. तिला राग आला. यायचाच. पण तिला काय माहीत, की सत्तरच्या दशकाच्या तोंडाला, याच कोल्हापुरात, तिच्या आजोबांनी असं एक भूत केलं होतं, की त्याच्यातून दात नाही, जीभ नाही, फक्त पेटलेलं चुलवाण दिसत होतं!

त्या काळी मी एका स्टुडिओत छायाचित्रकार होतो. सिनेमाच्या पाट्यांवर 'छायाचित्रकार', गल्लीत 'क्यामेरावाला बापू'. उजेड मोजायचं यंत्र स्टुडिओत एक होतं, पण ते मीच माझ्या डोळ्यांवरून लावून घ्यायचो. ढगाआड सूर्य गेला तर किती गेला हे मी त्याच्याकडं पाठ करून सांगू शकत असे. आमचा कॅमेरा इतका जड होता की तो हलवायला चार माणसं लागायची आणि तो हलवल्यावर त्या चौघांना हलवायला आणखी चार.

सिनेमा गावाकडचा होता. थोरल्या पाटलाचा धाकटा भाऊ त्याला मारतो आणि गुऱ्हाळ बळकावतो. मग एके दिवशी काहिलीत, त्या अवाढव्य कढईत, रस उकळत असताना वाफेपलीकडं थोरला येऊन उभा राहतो. बोलत नाही. नुसता बघतो. सगळा सिनेमा त्या बघण्यावर टांगलेला. आमचे दिग्दर्शक अण्णा मितभाषी; ते फक्त मारामारीच्या प्रसंगात आणि जेवताना बोलायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बापू, भूत दिसलं पायजे. पर त्येच्यातनं चुलवाणबी दिसलं पायजे. व्हईल का?"

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. कसं करायचं याची मला तेव्हा जेमतेम ऐकीव माहिती होती. पण 'न्हाय' म्हणायची पद्धतच आमच्या गल्लीत नव्हती.

तिथं मुंबईचे एक पाहुणे बसले होते. निर्मात्यांच्या ओळखीचे, असल्या करामतींतले जाणकार, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातले. ते शांतपणे म्हणाले, "हे काम प्रयोगशाळेत होतं. दोन वेगळ्या फिल्म घेतात आणि यंत्रावर एकत्र करतात. तुम्ही इथं कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात करायला जाल आणि दोन्ही घालवून बसाल. मला द्या. पाट्यांवर करामतीपुढं माझं नाव घाला, झालं."

झालं! माझ्या गावातलं भूत, माझ्या कॅमेऱ्यासमोरचं, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "एक डाव बापूला करू दे. न्हाय जमलं तर तुमचं नाव."

कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात करायची रीत सांगायला सोपी आहे. एकच फिल्म दोनदा चालवायची. पहिल्यांदा तिच्यावर गुऱ्हाळ घ्यायचं. मग भिंगावर टोपण घालून, अंधारात, ती फिल्म उलटी गुंडाळून बरोबर सुरुवातीच्या खुणेवर आणायची. दुसऱ्यांदा तीच फिल्म काळ्या मखमलीपुढं उभ्या केलेल्या भुतावर चालवायची. काळ्यातून उजेड येत नाही, त्यामुळं तिथं आधीचं गुऱ्हाळ तसंच राहतं. भुतावरचा उजेड मात्र त्या गुऱ्हाळावर जाऊन बसतो. भूत किती विरळ हवं ते भिंगाची पापणी किती उघडता त्यावर. चिमूटभर उघडली तर भूत ताकासारखं, जास्त उघडली तर दह्यासारखं.

हे मी दत्तोबाला समजावलं. दत्तोबा म्हणजे आमचा थोरला पाटील, म्हणजेच भूत. आधी पैलवान, मग नट. त्याच्या मिशा अशा, की तो दारातून तिरका यायचा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मला खुशाल ताक करा. पर मिशा तेवढ्या दह्यावाणी ठेवा."

मी हसलो, आणि तिथंच फसलो. उरल्यासुरल्या फिल्मच्या तुकड्यावर आम्ही स्टुडिओत एक चाचणी घेतली. मागं कंदील टांगलेली भिंत, पुढं दत्तोबा. धुऊन पाहिली तर भूत झकास. फक्त मिशा गायब. काळ्यातून उजेड येत नाही हे मखमलीला लागू, तसंच मिशांनाही लागू! ओठावर मिशीएवढी खिडकी उघडलेली आणि तिच्यातून कंदील दिसत होता. डोक्यावरचे केसही गेले होते, पण त्याचं दत्तोबाला काही वाटलं नाही.

"बापू, माझ्या मिशा कुटं हायत?"

"हायत रं. दिसत न्हाईत एवढंच."

"मंग मीबी हाय, दिसणार न्हाय! पाटील मेला म्हणून काय मिशा ठेवून गेला व्हय?"

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. बिनमिशीचा पाटील पडद्यावर आला असता तर कोल्हापूरच्या प्रेक्षकानं त्याला भूत म्हणून मानलं असतं, पाटील म्हणून नाही. मिशांना पांढरी पावडर लावली, तर तो म्हातारा दिसायला लागला. दोन दिवस आम्ही सगळे एका मिशीपुढं हात टेकून बसलो होतो.

आणि इकडं हंगाम संपत आला होता. शिरोळच्या अंगाला आम्ही जे गुऱ्हाळ ठरवलं होतं तिथला ऊस सरला. गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे नुसत्या वासावरून सांगणारा कारागीर, आम्हाला बघून म्हणाला, "ह्ये शेवटचं आदण. ही काहील उतरली की पालथी पडणार. तुमच्या भुताला सांगा, यायचं तर आत्ता, न्हायतर फुडल्या दिवाळीनंतर."

म्हणजे संधी एकच. फिल्मचा डबाही एकच, कारण कोरी फिल्म तेव्हा सोन्यासारखी मिळायची, म्हणजे मिळायचीच नाही. हे आदण चुकलं तर पाहुण्यांचं नाव पाटीवर.

अजूनही ती सकाळ डोळे मिटल्यावर मला जशीच्या तशी दिसते. चिपाडांचे ढीग, त्यांवर दवाचा ओला पांढरा थर. चरकातून रस धो धो पडतोय. चुलवाणाच्या तोंडातून जाळ असा बाहेर यायचा, की पहाटेची थंडी भाजून दहा पावलं मागं सरायची. काहिलीतला रस आधी हिरवट, मग तांबूस, मग त्यावर बुडबुड्यांचं सोनं. वाफ वर चढून पत्र्याला लागायची आणि पत्र्यावरून गोड थेंब खाली ठिबकायचे. आमच्यातला प्रत्येक जण त्या दिवशी तोंड वर करून उभा होता.

मी कॅमेरा खांबाला दोरखंडानं जखडला. भिंगापासून काहिलीपर्यंतचं अंतर अचूक हवं होतं, कारण तेच स्टुडिओत पुन्हा मांडायचं होतं. घाईत हाताला लागला तो एक लांबसडक ऊस घेतला, त्यानं मोजलं, शेवटच्या कांडीवर खूण केली आणि ऊस भिंतीला टेकवून ठेवला. थोड्या वेळानं बघतो तर ऊस नाही. दत्तोबा उन्हात बसून शेवटचं कांडं सोलत होता.

"दत्त्या, माप खाल्लंस व्हय रं?"

"मला काय ठावं ते माप हुतं? गोड हुतं."

मग सुतळीला गाठी मारून पुन्हा मोजलं. ती सुतळी मी कमरेला बांधली. भुकेल्या पैलवानाचा भरवसा नाही.

गुऱ्हाळाचं चित्रण झालं. मी मोठ्यानं आकडे मोजत होतो. नऊला धाकट्या भावानं मान वर करायची, वीसला हातातला झारा टाकायचा. त्या बिचाऱ्या नटानं रिकाम्या वाफेकडं बघून असं काही घाबरून दाखवलं, की गुळव्यानंही मागं वळून बघितलं. काहील उतरली. रस ओतला गेला. शेवटचा जाळ बसला आणि चुलवाणातली राख उडाली. तिथं शेकत बसलेला दत्तोबा वर उठला, आणि मी नाचलो. अक्षरशः नाचलो. राखेनं त्याच्या मिशा करड्या झाल्या होत्या. पांढऱ्या नाहीत, काळ्या नाहीत. जित्या माणसाच्याही नाहीत आणि म्हाताऱ्याच्याही नाहीत. नेमक्या मेलेल्या तरण्या पाटलाच्या! किलोभर राख मी डब्यात भरून घेतली. गुळव्या म्हणाला, "गुळाच्या गावाला येऊन राख नेणारा ह्यो पयलाच."

आता ते गुऱ्हाळ नाही. तिथं पेट्रोल पंप झालाय. मी तिकडून गेलो की मुलाला गाडी थांबवायला लावतो. त्याला वाटतं पेट्रोल भरायचंय. मी नुसता बघत बसतो. थोडं डोळे बारीक केले की त्या पंपाच्या पोटातून काहील दिसते, पंपावरच्या पोराच्या निळ्या सदऱ्यातून जाळ दिसतो. एका जागेवर दोनदा उजेड पडला की असं होतं. माझ्यासारख्याला ते कळतं. पंपावरच्या पोराला वाटतं, म्हातारा पैसे द्यायला टाळतोय.

भुताचं चित्रण ठरलं त्या सकाळी स्टुडिओची सगळी दारं-खिडक्या लावल्या. नाटकवाल्यांकडून आणलेली काळी मखमल भिंतीवर आणि जमिनीवर पसरली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. सुतळीनं माप घेतलं, खडूनं काहिलीची जागा आखली. फिल्म उलटी गुंडाळून खुणेवर आणली. राख लावलेला दत्तोबा मखमलीपुढं उभा राहिला, आणि दार वाजलं.

दारात दत्तोबाची आई. आक्का. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या गावाहून एस.टी.नं आलेली, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. लेकाला मेलेला दाखवणार आहेत हे तिच्या कानावर गेलं होतं. तिनं राखेनं माखलेल्या दत्तोबाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. गाठोडं खाली ठेवलं.

"ह्ये काय करून ठेवलंय माझ्या लेकाचं?"

"आये, सोंग हाय गं," दत्तोबा म्हणाला. एवढा पैलवान, पण आवाज शेरडासारखा.

"आक्का, तुमचा लेक जगाला दिसणार हाय," मी म्हणालो.

"जगाला दिसू दे न्हायतर न दिसू दे. जित्या माणसावर राख फासत न्हाईत. फासलीसा ती फासलीसा. आदी मी त्येची दृष्ट काढणार, मग तुमी काय ते यंत्र फिरवा."

तिला नाही म्हणायची कुणाची टाप होती? चहाची शेगडी आणली. तिनं मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन दत्तोबावरून उतरवल्या, पुटपुटत, आणि निखाऱ्यांवर टाकल्या. तडतड झालं. आक्का शेगडी घेऊन कोपऱ्यात गेली. मी घाईनं "चालू" म्हणालो आणि आकडे मोजायला लागलो.

पाचव्या आकड्याला मला ते दिसलं. बाजूच्या दिव्याच्या झोतात धूर चालला होता. बंद खोली, जायला वाट नाही. मिरच्यांचा धूर मखमलीपुढून, दत्तोबाच्या छातीपुढून, सावकाश, पाहुण्यासारखा चालला होता. काळ्यापुढं उजेड घेणारी एकही गोष्ट नको, हा या कामाचा पहिला नियम! आता तो धूर सगळा फिल्मवर बसणार. थांबावं तर भूत अर्धवट. एकदा उजेड घेतलेली फिल्म काही कोरी होत नाही. गुऱ्हाळ पालथं पडलेलं. मी थांबलो नाही. सहा, सात, आठ. नऊला दत्तोबा वाफेच्या जागेवर आला आणि त्यानं समोर बघितलं. सगळ्यांना ठसका आला होता. तो मात्र पैलवान, हलला नाही. पण मिरचीनं त्याचे डोळे भरले आणि राखेवरून पाणी उतरायला लागलं.

"कसं झालं?" अण्णांनी विचारलं.

"सोन्यावाणी," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्या सगळ्या मजेसाठी. ही एकच भीतीपोटी.

फिल्म धुवायला मुंबईला गेली आणि दहा दिवसांनी परत आली. त्या दहा दिवसांत मी इतका वाळलो की रस्त्यानं माझ्या चपलाच मला घेऊन जायच्या. बायको विचारायची, काय झालंय? मी म्हणायचो, हंगाम बदलतोय. धुराचं कुणाला बोललो नाही. पाहुणे मात्र रोज चौकशी करायचे, फार गोडीनं.

डबा आला त्या सकाळी स्टुडिओतल्या छोट्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर गुऱ्हाळ आलं. काहील उकळत होती, वाफ वर चढत होती. नऊ. वाफ जरा घट्ट झाली, तिला खांदे फुटले, आणि दत्तोबा आला. त्याच्या छातीतून जाळ दिसत होता. मिरच्यांचा धूर रसाच्या वाफेत असा मिसळला होता, की कुठली कुठून निघाली हे विधात्यालाही सांगता आलं नसतं. वाफ त्याच्या मागून जात होती, मग त्याच्या पुढून, त्याला गुंडाळत, सोडत. पायांत गडद चपला होत्या, त्या दिसल्याच नाहीत. तो अधांतरी उभा होता. आणि त्याच्या गालांवरून, ज्या गालांतून पलीकडचं चुलवाण दिसत होतं, त्यांवरून खरं पाणी ओघळत होतं. पटकथेत भूत रागावलेलं होतं. आमचं भूत भावासाठी रडत होतं.

पहिला बोलला दत्तोबा. "मिशा हायत की!"

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "वाफ पुढूनही जाते आणि मागूनही," ते म्हणाले. "हे कसं केलंत?"

"पावणं," मी म्हणालो, "ह्ये मुंबईत व्हायचं न्हाय."

त्यांनी हात पुढं केला. माणूस दिलदार होता. मी त्यांना उगाच पांढऱ्या सदऱ्यावरून नावं ठेवली.

रेणूला मी एवढंच सांगितलं, की माणूस विरळ करू नकोस, चित्र विरळ कर. आधी त्याला पुरता भरीव माणूस म्हणून एकट्याला उभा कर, त्याचं चित्र काढ, आणि मग ते अख्खं चित्र पातळ करून खोलीवर पसर. पोटातलं पोटात राहील. तिनं तसं केलं. दात गेले, जीभ गेली, लिंबं गेली. खोलीतली खुर्ची त्या माणसाच्या सदऱ्यातून नीट, शांत दिसायला लागली.

"आजोबा, तुम्हाला हे कसं माहीत?" तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मग तिला सगळं सांगितलं. फक्त धुराबद्दल म्हणालो की तो मी मुद्दाम करवला होता, मिरच्यांची संख्यासुद्धा मीच ठरवली होती. घरच्या माणसांपुढं थोडी उंची राखावी लागते. तुम्ही घरचे नाही, म्हणून खरं सांगितलं.

सिनेमा लागला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. दुपारच्या खेळाला आम्ही सगळे एका रांगेत बसलो. माझ्या आणि दत्तोबाच्या मधे आक्का. तिनं आयुष्यात पाहिलेला हा पहिला सिनेमा. पाट्या सुरू झाल्या. करामतीच्या छायाचित्रणापुढं माझं नाव आलं, एकट्याचं, आणि थेटरात जी सर्वांत मोठी शिट्टी वाजली ती कुणाची होती हे मी सांगणार नाही.

मग काहील उकळायला लागली. मी मनात मोजत होतो. नऊला दत्तोबा वाफेतून आला. पुढच्या बाकांवरचा गोंगाट तुटल्यासारखा थांबला. मी पडद्याकडं पाहत नव्हतो. मी तो पाठ केला होता. मी आक्काकडं पाहत होतो. ती उठून उभी राहिली होती.

"दत्त्या!"

"म्हातारे, खाली बस की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आये, मी हितं हाय," दत्तोबा तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "ह्यो बघ की. हितंच हाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिची नजर पडद्यावरच्या, जाळ दिसणाऱ्या लेकावर खिळलेली. तशीच ती खाली बसली. चाचपडत तिच्या हाताला शेजारच्या लेकाचं मनगट लागलं आणि तिनं ते धरलं. त्या बोटांना केवढा जोर होता ते दत्तोबाच्या तोंडावर मला अंधारातही दिसलं.

"आये, नखं रुतत्यात."

"रुतू देत," आक्का म्हणाली. पडद्यावरचं भूत वाफेत विरून गेलं, मध्यांतर झालं, दिवे लागले, भजीवाला ओरडत आला. तिनं मनगट सोडलं नाही.